त्रिरश्मीचा काळा दगड

नाशिकला गेलेला आपला माणूस दोन जागा पाहिल्याशिवाय परत फिरत नाही. पहिली जागा म्हणजे पंचवटीतील काळाराम मंदिराचा दरवाजा. 2 मार्च 1930 रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी चिकाटीने चालवलेला सत्याग्रह याच दरवाजासाठी होता. दुसरी जागा शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला आहे. तो त्रिरश्मी डोंगर आणि त्याच्या पोटात कोरलेली चोवीस लेणी.

पहिल्या ठिकाणी आपण इतिहास आठवतो, दुसऱ्या ठिकाणी वंदना घेतो. मात्र दोन्ही ठिकाणी ज्या दगडासमोर आपण उभे असतो, त्या दगडाकडे फारसे कोणी पाहत नाही. काळाराम मंदिर अठराव्या शतकाच्या अखेरीस काळ्या दगडात बांधले गेले. तो दगड जवळच्या रामशेज डोंगरातून आणला, अशी नोंद आहे. त्रिरश्मी डोंगरही त्याच जातीच्या काळ्या दगडाचा आहे. दोन्ही दगडांचा जन्म एकाच अग्नीतून झाला. एका दगडाच्या दारात आपल्या बापजाद्यांना काठ्या खाव्या लागल्या. दुसऱ्या दगडाच्या दारात दोन हजार वर्षांपूर्वी राजाचा जावई आणि मासे धरणारा कोळी या दोघांच्याही दानाचे लेख कोरले गेले. दोष दगडाचा नव्हता, दरवाजा राखणाऱ्यांचा होता.

म्हणून वाचकहो, या वेळी त्रिरश्मीची ओळख थोड्या वेगळ्या बाजूने करून घेऊ. हा डोंगर झाला कसा, कारागिरांनी त्याची पारख कशी केली, त्यातून काय निघाले आणि काय निघाले नाही, आणि आज आजूबाजूच्या डोंगरांचे काय चालले आहे, हे पाहू.

अग्नीतून आलेला डोंगर

महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या खडकावर वसला आहे त्याला भूशास्त्रज्ञ बेसाल्ट म्हणतात. आपल्याकडे त्याला काळा पाषाण किंवा काळा दगड म्हणतात. आजपासून सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी या भूभागात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त रस बाहेर आला. चित्रात दाखवतात तसा एखादा टोकदार ज्वालामुखी येथे धडधडत होता असे नाही. भेगांतून उसळलेला रस पाण्यासारखा दूरवर पसरला, थंड झाला, घट्ट झाला. मग काही काळाने त्यावर दुसरा थर आला, त्यावर तिसरा. असे थरावर थर बसून सह्याद्रीत त्यांची जाडी दोन हजार मीटरपेक्षाही जास्त झाली. आज जे शिल्लक आहे तेच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरते. ज्या काळात पृथ्वीवरून डायनोसोर नाहीसे झाले, साधारण तोच हा काळ.

मुंबईहून रेल्वेने कसारा घाट चढताना किंवा इगतपुरीच्या पुढे कळसूबाईच्या रांगेकडे पाहताना डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. त्या पायऱ्या म्हणजेच हे थर. घट्ट थराचा कडा उभा राहतो, मऊ थर झिजून उतार होतो. म्हणून या खडकाला इंग्रज अभ्यासकांनी ‘ट्रॅप’ हे नाव दिले. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ जिना असाच आहे.

सगळे थर मात्र सारखे नसतात. तव्यावर धिरडे टाकले की त्याला जाळी पडते, ती आतली वाफ बाहेर पडताना. तप्त रसातही वायू कोंडलेला असतो. थराच्या वरच्या भागात तो बुडबुड्यांच्या रूपाने अडकतो आणि दगडाला जाळी पडते. थराच्या मधला भाग मात्र भरीव आणि एकजीव राहतो. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. एका थराचा माथा उन्हापावसात कुजून माती झाला, मग त्यावर नवा तप्त रस येऊन ती माती भाजली गेली, त्याची ही खूण. ज्यांनी विहीर खोदण्याच्या कामावर दिवस काढले आहेत त्यांना हे सांगावे लागणार नाही. वर काळी माती, मग मुरूम, मग कठीण दगड, मध्येच तांबडा पट्टा, हा क्रम त्यांच्या हाताला ठाऊक असतो.

हाच काळा दगड कुजून आपली काळी माती झाली. उघड्यावर पडलेले दगड तर लासलगावच्या कांद्यासारखे पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटत जातात. आतला गाभा कठीण राहतो, बाहेरचे पापुद्रे गळून मुरूम होतात. नाशिकची द्राक्षे आणि कांदे याच कुजलेल्या दगडावर पिकतात. आपल्या घरातला पाटा, वरवंटा, जाते आणि उखळ हेही त्याच दगडाचे.

कारागिराची पारख

आता त्रिरश्मीकडे येऊ. डोंगराच्या उत्तर अंगाला, पायथ्यापासून दोनशेवर पायऱ्या चढून गेल्यावर लेण्यांची ओळ लागते. ओळ बरीच लांब आहे, पण लेणी खाली-वर विखुरलेली नाहीत. डोंगराच्या अंगावर पट्टा बांधावा तशी ती साधारण एका उंचीवर आहेत. लेणे खोदायला थराचा भरीव भाग लागतो. जाळीचा दगड लवकर झिजतो, तांबड्या पट्ट्याला पाणी लागले की तो फुगतो आणि सुटतो, तडा गेलेल्या जागी छताचा भरवसा राहत नाही. त्या काळात भूशास्त्राचे पुस्तक नव्हते. तरीही छिन्नीचा आवाज ऐकून, दगडाचा रंग पाहून, पावसाळ्यात कोणत्या कपारीतून पाणी झिरपते हे ध्यानात ठेवून कारागिरांनी जागा निवडल्या. हेच त्यांचे शास्त्र होते.

काम वरून खाली होत असे. इमारत बांधताना आपण पाया भरतो आणि शेवटी स्लॅब टाकतो. लेण्यात आधी छत साधायचे आणि मग खाली उतरत यायचे. त्यामुळे उंच परातीची गरज पडत नाही. पण चूक झाली तर दुरुस्ती नाही. विटेचे बांधकाम पाडून पुन्हा करता येते. लेण्यातील खांबाचा टवका उडाला तर तो परत चिकटवता येत नाही.

कामाचा अंदाज बांधकामाच्या भाषेत करू. तिसऱ्या लेण्याचे, म्हणजे गौतमी बलश्रीच्या लेण्याचे मधले दालन 41 फूट रुंद आणि 46 फूट खोल आहे. उंची दहा फूट धरली तर सुमारे 18,860 घनफूट दगड फोडून बाहेर काढावा लागला. आपण 100 घनफुटांचा एक ब्रास धरतो. म्हणजे 188 ब्रासवर भरीव पाषाण, वजनाने सुमारे दीड हजार टन. भोवतीच्या खोल्या आणि पुढचा ओटा यात धरलेला नाही. हे सगळे पहार, घण आणि छिन्नीने झाले, सुरुंगाने नाही. सुरुंग लावला असता तर छताला तडे गेले असते.

लेण्यांजवळ पाण्याची टाकी खोदलेली आहेत. शिलालेखात त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. भरीव दगडात खोदलेले टाके गळत नाही. पावसाचे पाणी डोंगरावरून उतरते, ते भिक्खूंनी वर्षभर वापरावे, ही त्यामागची योजना. दगडाची जात ओळखल्याशिवाय असे टाके खोदता येत नाही.

पाथरवटांच्या संदर्भात मराठीत एक म्हण आहे : टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. म्हण दगडाविषयी बोलते. ज्याच्या हातात टाकी होती त्याच्याविषयी ती काहीच बोलत नाही. त्या हातांना कोणते देवपण आले, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

खाण आणि लेणे

डोंगर पोखरलेला दिसला की पुष्कळांना वाटते, येथे पूर्वी एखाद्या धातूची खाण असावी. त्रिरश्मीतून धातू निघाला नाही आणि निघणारही नव्हता. शिसे आणि जस्त यांचे साठे होण्यासाठी जमिनीच्या पोटात धातू विरघळलेले गरम पाणी दीर्घकाळ फिरावे लागते आणि ते धातू एका जागी गोळा व्हावे लागतात. काळ्या पाषाणात जस्त असते, पण एका टनात जेमतेम शंभर ग्रॅम, आणि तेही सगळीकडे विखुरलेले. शिसे तर त्याहूनही कितीतरी कमी. एवढ्यासाठी कोणी खाण उघडत नाही.

ती खाण पाहायची तर राजस्थानात उदयपूरच्या दक्षिणेला झावर येथे जावे. तेथील खडक आपल्या काळ्या दगडापेक्षा फार जुना, शंभर कोटी वर्षांहून अधिक वयाचा आहे. सह्याद्रीतील पहिल्या लेण्यांच्या आधीपासून तेथे माणसे शिसे आणि जस्ताच्या धातुपाषाणासाठी डोंगराच्या पोटात उतरत होती. जुन्या खाणीत लाकडी टेकू आणि शिड्या सापडल्या आणि त्यांच्या लाकडावरून हा काळ ठरवता आला. पुढे मध्ययुगात तेथे जस्त गाळण्याचा मोठा उद्योग चालला. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशीत धातुपाषाण भरून, ती तापवून, जस्ताची वाफ थंड करून ते धातू मिळवीत. वापरून फेकलेल्या हजारो मुशींचे ढीग तेथे आहेत. तेथल्या लोकांनी त्याच मुशी रचून आपल्या घरांच्या भिंती उभारल्या. राजांच्या खजिन्यात धातू गेला, कष्टकऱ्याच्या वाट्याला रिकामी मूस आली.

आपल्या सातवाहन राजांची शिशाची नाणी महाराष्ट्रात आणि आंध्रात पुष्कळ सापडतात. शिसे सह्याद्रीत नव्हते, म्हणजे ते बाहेरून येत होते. भडोचच्या बंदरात समुद्रापलीकडून तांबे, कथील आणि शिसे उतरत असे, हे त्या काळच्या एका ग्रीक खलाशाने लिहून ठेवले आहे. नाशिक जिल्ह्यातच, सिन्नर तालुक्यातील जोगळटेंभी येथे 1906 साली तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. ती क्षत्रप राजा नहपानाची होती आणि त्यांतील बरीचशी नाणी गौतमीपुत्र सातकर्णीने जिंकल्यावर आपल्या शिक्क्याने पुन्हा ठोकलेली होती. राज्ये बदलली, नाण्यावरचे शिक्के बदलले. त्रिरश्मीवर मात्र दोन्ही घराण्यांची लेणी शेजारी-शेजारी आजही उभी आहेत.

खाण आणि लेणे यांतला फरक येथे लक्षात येतो. खाणीत जे बाहेर काढले त्याची किंमत होते, आत उरलेल्या पोकळीला कोणी विचारत नाही. लेण्यात जो दगड बाहेर काढला त्याला किंमत नव्हती. आत जी मोकळी जागा झाली, तिच्यासाठीच सगळे कष्ट होते. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी एका ठिकाणी राहावे, अभ्यास करावा, लोकांना धम्म सांगावा, यासाठी ही जागा.

दानाचा हिशेब

ही जागा कोणाच्या पैशाने झाली, हे भिंतींवरच लिहिलेले आहे. दहावे लेणे नहपानाचा जावई उषवदात याचे. त्याच्या लेखात डोंगराचे नाव स्पष्टपणे त्रिरश्मी असे आले आहे. त्याने तीन हजार कार्षापण नाणी गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे आजच्या भाषेत दोन संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवली. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक, आणि एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण व्याज. मुद्दल कधी काढायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांवरचे वर्षाचे व्याज 240 होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा नाणी द्यायची होती. वीस गुणिले बारा, बरोबर 240. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा हिशेब आज मुलांकडून पाटीवर करून घ्यावा. आणि हेही सांगावे, की राजघराण्यातल्या माणसाने आपली ठेव विणकरांच्या हाती विश्वासाने सोपवली होती. कष्टकऱ्यांच्या संघाची त्या काळात अशी पत होती.

याच लेण्यात आणखी एक लेख आहे. आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने ठेव ठेवली, ती आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी. ठेव घेणाऱ्या श्रेणींमध्ये पाण्याची यंत्रे करणारे होते आणि तेल गाळणारेही होते. परक्या वंशाची एक स्त्री आजाऱ्यांच्या औषधाची सोय करते आणि ती जबाबदारी तेली पेलतात, हे त्या भिंतीवर कोरलेले आहे.

आठव्या लेण्यात मुगुदास नावाच्या ‘दासका’चे सहकुटुंब दान नोंदलेले आहे. दासक म्हणजे मासे धरणारा कोळी, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. अठराव्या लेण्यात, म्हणजे चैत्यगृहात, दर्शनी भागावर धंभिक गावाच्या दानाचा लेख आहे. ते एका गावाच्या वर्गणीचे काम. सतराव्या लेण्यात उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त या यवनाचे, म्हणजे ग्रीक वंशाच्या माणसाचे नाव आहे. राणी, कोळी, यवन, शक स्त्री आणि एक अख्खे गाव एकाच डोंगरावर, एकाच दगडात. 1930 साली नाशिक शहरात आपल्या माणसांसाठी जो दरवाजा बंद झाला, त्या शहरापासून हा डोंगर फक्त आठ किलोमीटर आहे.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. दात्यांची नावे भिंतीवर आहेत, छिन्नी चालवणाऱ्यांची नावे शोधावी लागतात. मुंबईजवळ कान्हेरीच्या चैत्यगृहातील लेखात ‘सेलवढकी’ म्हणजे दगड घडवणाऱ्यांचा उल्लेख येतो. कष्टकऱ्यांची दखल घेणारे असे लेख थोडेच आहेत, म्हणूनच ते मोलाचे आहेत.

पुढे शतकांच्या ओघात संघ विखुरला, लेणी ओस पडली आणि लोकांनी त्यांना पांडवांची लेणी म्हणायला सुरुवात केली. 1823 साली कॅप्टन जेम्स डेलामेन या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांची पहिली लेखी नोंद केली. नंतर अभ्यासकांनी धम्मलिपीतील लेख वाचले आणि भिंतींनी स्वतःच आपली ओळख सांगितली. आता रस्त्याच्या पाटीवर काहीही लिहिलेले असो, आपण आपल्या मुलांना डोंगराचे खरे नाव सांगावे : त्रिरश्मी. 2021 च्या मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीची साफसफाई चालू असताना याच डोंगरावर आणखी लेणी उजेडात आली. साफसफाई करणाऱ्या हातांनी इतिहासात भर घातली, हे विसरता कामा नये.

खडी आणि गारगोटी

नाशिकच्या आसपास दगडाच्या खाणी बऱ्याच आहेत. काही चालू आहेत, काही सोडून दिलेल्या. सोडून दिलेल्या खाणीत पावसाचे पाणी साचून डोह होतो आणि त्यात पोरे बुडण्याचा धोका असतो. अशा खाणीच्या उभ्या भिंतीवर थर, जाळी, तांबडा पट्टा सगळे एखाद्या फळ्यावर काढल्यासारखे दिसते. मात्र ते सुरक्षित अंतरावरूनच पाहावे.

खाणीत सुरुंग लागला की कधीकधी दगडाच्या जाळीतून लखलखते स्फटिक बाहेर पडतात. थंड झालेल्या दगडाच्या पोकळ्यांतून गरम पाणी हळूहळू फिरले आणि त्यात विरघळलेले क्षार पोकळीत साठत गेले, त्यांचे हे स्फटिक. आपण सगळ्यांना सरसकट गारगोटी म्हणतो, पण त्यांच्या जाती अनेक आहेत : पांढऱ्या सुयांच्या जुडग्यासारखा स्कोलेसाइट, मोराच्या पिसाऱ्यासारखा स्टिल्बाइट, काचेच्या ठोकळ्यासारखा अपोफिलाइट. यांतील बऱ्याचशांना झिओलाइट म्हणतात. त्यांच्या अंगात पाणी असते आणि तापवले की ते उकळल्यासारखे बाहेर पडते. म्हणून 1756 साली स्वीडनच्या क्रोन्स्टेट या शास्त्रज्ञाने ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे हे नाव ठेवले. आज कारखान्यात तयार केलेले झिओलाइट कपडे धुण्याच्या पावडरीत घालतात. त्याने जड पाणी मृदू होते. पॉवेलाइट नावाचे मॉलिब्डेनम धातू असलेले दुर्मिळ खनिज तर नाशिकच्या नावाने जगात ओळखले जाते. धातूच्या खाणी नसलेल्या या मुलखात धातूचे असे एखादे पाहुणे स्फटिक सापडते.

सिन्नरजवळ माळेगाव औद्योगिक वसाहतीत ‘गारगोटी’ नावाचे संग्रहालय आहे. तेथे हे स्फटिक नीट मांडलेले पाहता येतात. परदेशांतल्या संग्रहालयांतही नाशिकच्या चिठ्ठ्या लावलेले स्फटिक काचेच्या कपाटात ठेवलेले असतात. ज्याच्या पहारीने ते पहिल्यांदा उजेडात आले त्याचे नाव त्या चिठ्ठीवर नसते. दोन हजार वर्षांपूर्वीची उणीव आजही तशीच आहे.

खाणीत आणि क्रशरवर राबणारे हात कोणाचे, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणारा वडार समाज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. त्यांच्या जोडीला भूमिहीन बौद्ध आणि आदिवासी कुटुंबेही खडी फोडत आली आहेत. रस्ता, धरण, इमारत, रेल्वेचा रूळ, सगळ्यांच्या खाली त्यांनी फोडलेली खडी आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, तेव्हा 1943 च्या डिसेंबरात ते धनबाद भागातील कोळशाच्या खाणीत स्वतः खाली उतरले आणि मजुरांच्या राहण्याची परिस्थिती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. पुढच्याच वर्षी कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी सुरू झाला. खाणीत उतरणाऱ्या माणसाच्या जिवाची किंमत सरकारने मोजली पाहिजे, ही त्यांची भूमिका होती.

आपणही तेवढेच जागरूक असावे. क्रशरवर पाण्याचा फवारा मारल्याशिवाय यंत्र चालू देऊ नये, नाकातोंडावर मुसके किंवा ओला फडका असावा, कारण दगडाची बारीक भुकटी छातीत बसली की खोकला सुटत नाही. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या कामांच्या यादीत दगड फोडणे आणि त्याचा चुरा करणे हे काम आहे. वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला मिळवून नोंदणी करावी. मुलांच्या शिष्यवृत्तीपासून अनेक योजना त्या नोंदणीवर अवलंबून आहेत.

आणि प्रश्न डोंगरांचाही आहे. शहर वाढते तशी खडीची भूक वाढते. 2021 साली त्र्यंबकेश्वरजवळच्या ब्रह्मगिरी डोंगराच्या उत्खननाविरुद्ध नाशिककरांनी आवाज उठवला होता. घरे हवीत, रस्ते हवेत, आणि मजुराला रोजगारही हवा. पण डोंगर एकदा फोडला की तो परत उगवत नाही. त्याला तयार व्हायला लागलेला काळ वर सांगितला आहे. कारागिरांनी त्रिरश्मीतून दगड काढला, पण डोंगर ठेवला. आजचे यंत्र दगड काढते आणि डोंगरही नेते. कोणता डोंगर फोडायचा आणि कोणता राखायचा, हे ठरवताना गावाचा आणि मजुरांचा शब्द ऐकला गेला पाहिजे.

जायचे कसे, पाहायचे काय

नाशिक रोड रेल्वे स्थानकावरून किंवा शहरातून पाथर्डी फाट्याच्या बाजूला जाणारी बस अथवा रिक्षा मिळते. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आणि त्याला लागून बुद्ध स्मारक आहे. 2023 साली अशोक विजयादशमीला तेथे श्रीलंकेतील अनुराधापूरच्या बोधिवृक्षाची फांदी लावण्यात आली. लेणी पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असून पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. सकाळी लवकर चढावे, पाणी आणि भाकरी बरोबर घ्यावी. वृद्धांनी पायऱ्या थांबत-थांबत चढाव्यात.

वर गेल्यावर वंदना झाली की मुलांना घेऊन पुढील गोष्टी जरूर पाहाव्यात. भिंतीवर छिन्नीच्या तिरप्या रेघा कोठे दिसतात ते शोधावे. भरीव दगड कोठे आणि जाळीचा दगड कोठे, हे डोळ्यांनी ओळखावे. पाण्याच्या टाक्यांत डोकावावे. आठव्या लेण्यात मुगुदासाच्या लेखापुढे दोन मिनिटे उभे राहावे. भिंतीवर खडू, कोळसा किंवा खिळ्याने आपले नाव कोणी लिहू नये. धम्मलिपीतील एक अक्षर खराब झाले तर त्या दगडाची साक्ष तेवढी कमी होते.

घरी परतल्यावर स्वयंपाकघरातला पाटा हातात घेऊन मुलांना दाखवावा. त्रिरश्मी याच दगडाचा आहे, काळारामाचे मंदिरही याच दगडाचे, आणि हा पाटा टाकून देणारी वडार बाई ज्या हातांची आहे त्याच हातांनी हे सारे घडवले, एवढे त्यांना सांगावे. पुढचे ती स्वतः विचारतील.

जय भीम! नमो बुद्धाय!